घरातल्या सगळ्यांची तपासणी

खारूला शाळेत झटका आला तेव्हा ती फळ्यावर गणित सोडवत होती. हातातल्या खडूसकट कोसळली. नऊ वर्षांची पोर. वाचनालयातलं काम तसंच टाकून तिची आई दवाखान्यात पोचली.

स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत जंताची अळी आहे. हा ठिपका म्हणजे अळीचं डोकं. डुकराच्या मांसातून येणारा जंत हा."

"अहो, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"पोरीने खायलाच हवं असं नाही. कच्चट मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत वाढतो. त्याने हात नीट धुतले नाहीत, की जंताची अंडी दुसऱ्याच्या ताटात जातात. घरात अन्नाला हात लावणाऱ्या सगळ्यांची शौचाची तपासणी करू."

आईच्या मनात एकच नाव आलं, स्वयंपाकाच्या मावशींचं. रिपोर्टला तीन दिवस होते. तिला एका जागी बसवेना. मावशींनी नळ सोडला की ही दारात उभी. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या हातातली परात काढूनच घेतली.

मावशी म्हणाल्या, "तपासणीची डबी मीही दिलीये, ताई. रिपोर्ट येईपर्यंत तरी थांबा."

रिपोर्ट आले. मावशींच्या पोटात काही नव्हतं. जंत निघाला सासऱ्यांच्या पोटात.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "दर गुरुवारी मित्राकडे डुकराचं मटण खातो मी. वर्ष झालं. तुझ्या सासूला सांगायची छाती झाली नाही." पुढे म्हणाले, "शाळेतून आली की खारूला काकडी मीच कापून देतो ना."

तीन दिवस तिने कडक शब्द जमवून ठेवले होते. ते सगळे तिने सोडून दिले. तिने त्यांना पाणी दिलं.

सासऱ्यांचं एका गोळीत भागलं. खारूची औषधं मात्र महिनोन्‌महिने चालली. पुन्हा स्कॅन केला तेव्हा अळी मरून नुसता खुणेपुरता डाग उरला होता. झटका परत आला नाही.

रिपोर्ट आले त्याच संध्याकाळी आई ओट्याशी जाऊन उभी राहिली होती. "मावशी, मी चुकले."

"हो, चुकलातच," मावशी म्हणाल्या. "मला दोन रात्री झोप नव्हती. पोर कशी आहे ते सांगा आधी."