जागेला विचारून

शिक्षण खात्यातल्या गुप्ते साहेबांकडे पुस्तक होतं. शिबिरासाठी जागा कशी निवडावी ते सांगणारं हे पुस्तक वरच्या कचेरीतून आलं होतं आणि त्यात दोनच प्रकरणं होती. एक वाळवंटाचं, एक डोंगराळ जंगलाचं. मुरूडच्या बाजूला वाळवंट कुठून आणायचं? पण साहेबांनी आणलं. अठ्ठावन्न सालचं शिक्षकांचं थंडीतलं शिबिर त्यांनी नांदगावच्या पुळणीवर, ऐन वाळूत ठोकलं.

जागा दाखवायला येसाजीला घेतलं होतं. डोंगराखालच्या वाडीचा सरपंच भागोजी याने त्याचं नाव सुचवलं. "त्याची काशी गेली गेल्या चैतात. घरात नुस्ता बसून ऱ्हातो. तेवढंच फिरंल," असं भागोजी साहेबांना येसाजीच्या तोंडावरच म्हणाला. खुंट्यावरच्या बैलाबद्दल बोलावं तसं.

"साहेब, पुनवेला हितवर पानी येतंय," येसाजी म्हणाला.

साहेबांनी पुस्तक चाळलं. "वाळवंटाच्या प्रकरणात भरतीचा उल्लेख नाही."

पौर्णिमेला दुपारी पंगत बसली आणि समुद्र पंगतीला आला. चाळीस शिक्षक धोतरं सावरत पळाले. भाताचा टोप तरंगत पार सुरूच्या झाडांपर्यंत गेला. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'जलक्रीडेचा कार्यक्रम उत्साहात पार पडला.'

मार्चमध्ये उन्हाळी शिबिराची जागा शोधायला साहेब डोंगरात आले. आणि येसाजी पेचात पडला.

कारण डोंगरात चांगली जागा एकच होती. झऱ्यावरची सपाटी. माघ ते चैत्र लाकूडतोडीचं काम असायचं, तेव्हा येसाजी आणि काशी खोप बांधून तिथेच राहायचे. अठरा वर्षं. जागा काशीच ठरवायची, आणि तीच असली तरी दर वर्षी नव्याने ठरवायची. दिवस कलला की पळसाच्या पानावर तांदळाचे सात दाणे एकाला एक लावून ठेवायची, वर दुसरं पान, त्यावर दगड. सकाळी दाणे जसेच्या तसे असले तर राहायचं, विस्कटले तर पुढे चालायचं. याला ती जागेला विचारणं म्हणायची. "आपन पावनं. इचारल्याबिगर बसायचं न्हाय," म्हणायची. तिच्या चुलीचे तीन दगड अजून तिथे होते. ती गेल्यापासून येसाजी वर फिरकला नव्हता. आता त्या दगडांभोवती चाळीस मास्तर दात घासणार, गुळण्या टाकणार, हे त्याला सोसवेना.

म्हणून त्याने साहेबांना सकाळभर उलट्या अंगाला हिंडवलं. शेवटी साहेबांनी स्वतःच एक जागा पसंत केली. वर वेलींचा मांडव, खाली गार सावली.

"काय रे येसाजी, झकास आहे की नाही?"

येसाजीने वर पाहिलं. खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा लटकत होत्या. वाऱ्याची एक झुळूक आली, की खालच्या माणसाने चार दिवस अंग खाजवत बसायचं.

"पुस्तकात बसतीया?"

"तंतोतंत!"

"मंग ऱ्हाऊ द्या हितंच," येसाजी म्हणाला आणि त्याला फार दिवसांनी जरा हसू आलं.

"उत्तम. या खेपेला शिक्षिकाही आहेत. दोघींची तान्ही मुलं आहेत. सावली पाहिजेच."

येसाजीचं हसू मावळलं. दर वर्षी कामाला आलेल्या बायका झाडाला झोळ्या बांधायच्या, त्याआधी काशी अंगाला गोणपाट गुंडाळून आसपासची खाजकुयली तोडायची, जाळायची. मग रात्रभर स्वतः अंगाला शेण चोळत बसायची आणि येसाजीलाच शिव्या द्यायची.

"हितं न्हाय साहेब," तो खाली बघत म्हणाला. "वर हाय एक जागा. पन तिला इचारावं लागंल."

"कोणाला? मालकीण आहे का कोणी?"

"व्हती," येसाजी म्हणाला.

त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर, तो एकटा वर गेला आणि सात दाणे मांडले. मुंग्यांचं वारूळ जवळ आहे हे बघून मुद्दाम तिकडेच मांडले. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने पान उचललं. सातही दाणे एकाला एक लागून. त्याने बोट पुढे केलं. नुसतं टोकरलं असतं तरी काम झालं असतं. पण आजवर काशीला फसवलं नव्हतं. बोट मागे आलं.

तेवढ्यात साहेब धापा टाकत पोचले. झरा, सपाटी, वारा बघून खूश झाले. मग पान दिसलं. "हे काय?"

येसाजीने सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, 'मुंग्यांची शास्त्रोक्त चाचणी, प्रकरण दोनला अनुसरून.' पुढे जिल्हाभर तसं फर्मान गेलं, आणि दोन वर्षं ठिकठिकाणचे कारकून तांदूळ मोजत सही-शिक्क्यासाठी हिंडत होते, असं भागोजी सांगतो.

शिबिराच्या पहिल्या दिवशी येसाजी गोणपाट घेऊन वर आला. तिन्ही दगड घरी न्यायचे, असं त्याने ठरवलं होतं. पण स्वयंपाकाच्या नीराबाईने त्यांच्यावर आधीच टोप चढवला होता. भात रटरटत होता. बाजूच्या झोळीत एक तान्हं झोपलं होतं.

"काय वो मामा, गोणपाट कशाला?" नीराबाईने विचारलं.

येसाजीने गोणपाट पाठीमागे धरलं.

"चूल ज्यानं मांडली त्याला मानलं पायजे. टोप जरा म्हून हालत न्हाय. तुमी मांडली काय?"

"मला कुटलं जमतंय," येसाजी म्हणाला. "माज्या बायकोनं." मग गोणपाटाची घडी घातली आणि त्यावरच बसला. "जाळ कमी कर जरा. ह्या चुलीला लाकूड कमी लागतं."