बंबाचे धुराडे

तांब्याचा बंब मागच्या अंगणात आडवा केला होता आणि मंजुषा त्याच्या पोटावर खडूने रेघ मारत होती. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून तिने आधी दोरा गुंडाळून घेतला होता. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अर्धे आयुष्य गेलेल्या माणसाला अंदाजाने मारलेली रेघ सहन होत नाही.

रेघेवरून कापले, की खालच्या भागाची कुंडी होणार होती. तोडगा तिचाच होता. नवरा सोमनाथ म्हणत होता, बंब मोडीत घाला. सासूबाई, रंगूबाई, म्हणत होत्या, हात लावू नका. कुंडी हा त्यातला मधला मार्ग. वस्तू घरात राहील, धूर घरातून जाईल. हे ऐकून रंगूबाई म्हणाल्या होत्या, "बरं हाय. उद्या मी थकले, की माझं बी मुंडकं काढा अन् धडात गुलाब लावा."

भांडी बाजारातून टेम्पो घेऊन आलेला कारागीर गोटीराम ग्राइंडरची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सोडत होता.

"आजींना इचारलंय ना, ताई? मागं गंगापूर रोडला घंगाळ कापायला गेलो, तर म्हातारी घंगाळातच जाऊन बसली. आता तिला उचलायचं का घंगाळाला, तेच कळंना."

"विचारलंय," मंजुषा म्हणाली. ते खरे होते. विचारले होते, उत्तर मानले नव्हते.

रंगूबाई त्या वेळी भिंतीपलीकडे न्हात होत्या. इंदिरानगरातल्या त्या रो-हाऊसची खालची न्हाणी अंगणाला लागूनच होती, त्यामुळे तांब्याने अंगावर पाणी ओतल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. शुक्रवार, म्हणजे डोक्यावरून न्हाणे, तीन बादल्या आणि भरपूर वेळ. तेवढ्या वेळात कापून मोकळे व्हावे, असा मंजुषाचा बेत होता. डोळ्यांदेखत कापले तर रडारड झाली असती; नंतर कुंडी पाहून फार तर टोमणे आले असते, आणि टोमण्यांची तिला सवय होती.

हा बंब रंगूबाईंनी चांदवडला शेती करत असताना घेतला होता. ज्या वर्षी कांद्याने पहिल्यांदा हात दिला, त्या वर्षी त्या नाशकात आल्या, बंब पसंत केला आणि एसटीत मांडीवर घेऊन परत गेल्या. मुलाकडे राहायला आल्या तेव्हाही तो बरोबर होता. रोज सकाळी त्या अंगणात तो पेटवत आणि बादली आत नेऊन अंघोळ करत. दिवाळीच्या आधी मंजुषाने हवेतली धूळ मोजण्याचे लहानसे यंत्र आणले, पेटत्या बंबाशेजारी धरले आणि लाल झालेला आकडा सासूबाईंना दाखवला.

"हे सगळं तुमच्या फुप्फुसात जातंय, आई."

"इतकी वर्षं गेलंय. आता आत जागा तरी कुठं हाय?"

तरीही बंब विझला आणि रंगूबाई न्हाणीतल्या गॅस गिझरच्या पाण्याने अंघोळ करू लागल्या. तो गिझर आधीच्या मालकाने घराबरोबर सोडून दिलेला होता. सोमनाथ आणि मंजुषा वरच्या मजल्यावर विजेचा गिझर वापरत, त्यामुळे खालच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. नळ उघडला की तो पेटायचा, बंद केला की विझायचा. धूर नाही, राख नाही. बंब जुना म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. गिझरचे वय मात्र कोणी विचारलेही नाही. पुढे थंडी वाढली आणि खिडकीच्या काचपट्ट्यांतून वारा लागतो, अशी रंगूबाईंनी तक्रार केली. मंजुषाने खिडकीवर बाहेरून पारदर्शक प्लास्टिकचा जाड तक्ता बसवला आणि कडांना सिलिकॉन भरले. वरून बोट फिरवून पाहिले. कुठेही फट नव्हती.

त्यानंतर रंगूबाईंना चक्कर येऊ लागली, आणि तीही नेमकी मंगळवारी आणि शुक्रवारी.

"देवीचे वार हायेत," रंगूबाई म्हणाल्या. "रेणुकामाईच्या वारी मी जन्मभर बंबाच्या पाण्यानं न्हाले अन् मगच देवाला हात लावला. तुम्ही बंब काढला. तिला नाय आवडलं."

"मग बुधवारी का येत नाही चक्कर? बुधवारी देवी सुट्टीवर असते का?"

"बुधवारी तिचं माझ्याकडं काय काम?"

सोमनाथ खो खो हसला. "मंजू, या मुद्द्यावर तू हरलीस."

मंजुषा हसली नाही. देवीवर तिचा विश्वास नव्हता, पण वार तिने उडवून लावले नाहीत. नोंद नियमित असेल तर तिला कारण असते, एवढे तिला माहीत होते. कारण तिने शोधलेही. मंगळवारी आणि शुक्रवारी रंगूबाईंचा उपास असे. वय झालेले, पोट रिकामे, वरून कढत पाणी. चक्कर न आली तरच नवल. तिने रक्तदाब मोजला. तो ठीक होता. मग ती अंघोळीआधी लिंबू-साखरेचे पाणी देऊ लागली. चक्कर तरीही येत राहिली, सोबत डोकेदुखी आणि मळमळही. साखरेचे प्रमाण कमी पडत असावे, असे मंजुषाने ठरवले. गेल्या मंगळवारी तर तिने धुळीचे यंत्र न्हाणीत ठेवून पाहिले. आकडा हिरवा होता.

"हवा एकदम स्वच्छ आहे, आई."

कपाळ दाबत कॉटवर पडलेल्या रंगूबाईंनी डोळे न उघडता म्हटले होते, "मग त्या यंत्रालाच न्हाऊ घाल."

गोटीरामने ग्राइंडरला चकती बसवली, एकदा फिरवून पाहिली आणि बंद केली. तो बंबाच्या तोंडाशी उकिडवा बसला.

"रेघ झकास मारलीय, ताई. पण ही मधली नळी? कुंडी केली तर मातीच्या मधोमध खांबासारखी उभी राहील. काढायची का ठेवायची?"

मंजुषा वाकून आत पाहू लागली. बंबाच्या पोटातून तळापासून माथ्यापर्यंत धुराडे गेले होते. आग खाली, पाणी भोवताली, आणि जळून जे उरेल त्याला वर निघून जायला ही वाट. तिने आत बोट फिरवले. बोट काजळीने काळे झाले. "काढून टाका," असे म्हणायला तिने तोंड उघडले आणि तयार कुंडी कुठे ठेवावी हे पाहण्यासाठी भिंतीकडे नजर वळवली.

भिंतीशी गिझरचा सिलिंडर होता. त्याची नारिंगी नळी भिंतीतल्या भोकातून आत गेली होती. म्हणजे गॅस आत जायला वाट होती. मंजुषाची नजर भिंतीवरून वर सरकली. बाहेर यायला वाट कुठे होती? वर फक्त खिडकी होती, आणि खिडकीवर तिने स्वतः बसवलेला तक्ता. आतून तो वाफेने पांढरा झाला होता.

बंबाला धुराडे होते. गिझरला नव्हते.

पुढचे सगळे एका दमात जुळले. बंद जागेत ज्योत जळत राहिली, की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि धूळ तर नाहीच. धूळ मोजणाऱ्या यंत्राने हिरवा आकडा दाखवला, यात त्याची काहीच चूक नव्हती. उपास मंगळवारी आणि शुक्रवारी होता, हे खरे. पण डोक्यावरून न्हाणेही त्याच दोन वारी होते. इतर दिवशी एक बादली, या दिवशी तीन. दोन गोष्टी एकत्र बदलत असताना तिने एकीला कारण ठरवले होते, आणि तेही दुसरी सुचलीच नाही म्हणून. प्रयोगशाळेत एखाद्या नवख्या मुलीने असा निष्कर्ष काढला असता, तर मंजुषाने तिला दारात उभे केले नसते.

"ताई, काढू ना?"

"थांबा."

तांब्याचा आवाज येत नव्हता. आत नळ वाहत होता, बादली भरून वाहत होती, पण अंगावर पाणी पडल्याचा आवाज नव्हता. तो कधी थांबला, हे मंजुषाला सांगता आले नसते. ती रेघ मारत होती.

"आई!"

नळ वाहत राहिला, आणि पाण्याच्या आवाजाखाली गिझरची हलकी घरघर.

"आई, ओ द्या! आई!"

तिने आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. घरघर थांबली. मग तिने तक्त्याच्या कडेत नखे घातली. सिलिकॉन इतके नेटके बसले होते, की नख मोडले तरी कड सुटेना.

"हातोडा द्या! हातोडा!"

गोटीरामने काही न विचारता हातोडा पुढे केला. दुसऱ्या घावाला तक्ता तडकला, तिसऱ्याला मागच्या काचपट्ट्यांसकट आत पडला. वाफ भसकन बाहेर आली. "दार! आतून कडी आहे, दार फोडा!" असे ओरडत ती घरात धावली. गोटीरामने खांदा लावला, मग हातोडा. फायबरचे दार कडीपाशी फाटले.

"तुम्ही मागे व्हा," ती म्हणाली आणि श्वास रोखून आत शिरली.

रंगूबाई भिंतीला टेकून पाटावर कलंडल्या होत्या. शिकेकाईचा फेस केसांत तसाच होता. मंजुषाने काखेत हात घालून त्यांना ओढले. ओल्या फरशीवरून त्या सहज सरकल्या, उंबऱ्याशी अडल्या. छाती फुटायला आली तरी तिने श्वास घेतला नाही. अंगणात आणून टाकले तेव्हा गोटीराम तोंड फिरवून उभा होता आणि पाठीमागे हात करून त्याने बंब गुंडाळायला आणलेली चादर धरली होती.

तिने चादर टाकली आणि नाकाशी गाल नेला. काही कळेना, तिचाच श्वास धापा टाकत होता. मग गालाला काहीतरी लागले. उबदार, अगदी हलके, आणि पुन्हा एकदा.

"टेम्पो काढा," ती म्हणाली.

दवाखान्यात रंगूबाईंच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला. रक्ताचा अहवाल पाहून तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हा त्रास आजच झाला का?"

"नाही. दिवाळीनंतर सुरू झाला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी."

डॉक्टरीणबाईंचे पेन थांबले. "इतके दिवस? मग आधी का आणलं नाही?"

"मला कारण सापडलं होतं," मंजुषा म्हणाली.

संध्याकाळी मास्क थोडा वेळ बाजूला केला, तेव्हा रंगूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कापला का गं त्याला?"

"नाही. नुसती रेघ मारली."

"बघ. तिनं कापू दिला नाय."

नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून, कामावरून थेट आलेला सोमनाथ बायकोच्या तोंडाकडे पाहू लागला. मंजुषाच्या जिभेवर हरकती रांगेने उभ्या होत्या. देवीला बंब वाचवायचा होता, तर गिझर बिघडवणे जास्त सोपे होते, ही त्यातली पहिली. तिने ती गिळली.

"वार तुम्ही बरोबर सांगितले होते, आई. कारण चुकलं होतं."

"अन् तुझं?"

"माझंही."

रंगूबाईंनी डोळे मिटले. "मग बरोबरी झाली."

ती बरोबरी नव्हती, हे मंजुषाला ठाऊक होते. म्हातारीचे निरीक्षण तरी अचूक होते. मंजुषाने त्याला चुकीचे कारण चिकटवून वर लिंबू-साखर पाजली होती.

त्याच आठवड्यात गिझर निघाला. सोमनाथने तो मोडीत घातला आणि त्या वेळी कोणीही मधला मार्ग सुचवला नाही. खाली विजेचा गिझर आला आणि खिडकी उघडी राहिली. बंबाबद्दल मंजुषाचे मत बदलले नव्हते. यंत्राचा लाल आकडा खोटा नव्हता. शेजारी धरले असते तर तो आजही लालच आला असता. शेवटी ठरले ते असे: बंब अखंड राहील, उघड्या अंगणातच पेटेल, आणि तोही फक्त देवीच्या वारी. त्या बदल्यात रंगूबाईंनी न्हाणीची कडी लावायची नाही. बंबाच्या अटीवर त्या लगेच कबूल झाल्या. कडीवरून मात्र बराच वेळ भांडल्या.

पुढच्या मंगळवारी त्या आत न्हात होत्या आणि मंजुषा अंगणात नुकत्याच विझवलेल्या, कोमट बंबावरची खडूची रेघ चिंचेच्या कोळाने घासत होती. रेघ केव्हाच गेली होती. हात चालू होता, कान भिंतीकडे होता. आत तांब्याचा आवाज थांबला.

"आई?"

"हाय!"

पाणी पडले. पुन्हा आवाज थांबला.

"आई?"

"अगं, शिकेकाई लावू देशील का नाय? केस काय तोंडानं घासू?"

मंजुषाने कोळात बोटे बुडवली आणि पुढच्या तांब्याची वाट पाहू लागली.