पाणी उकळा, पण कोणत्या भाषेत?

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला आणि लुसेआनेने कपाळावर हात मारला.

"पाणी मंडळ, बोला."

"पोरी, पाण्याचं काय झालंय गं? तुमच्या पानावर लाल त्रिकोण दिसतोय."

"त्रिकोणाखाली सगळं लिहिलंय, मामा. वाचा की!"

"वाचलं. म्हणूनच तर विचारतोय."

सकाळपासून हेच चाललं होतं. टोंगा देशातल्या वावाऊ बेटावरच्या पाच गावांनी मिळून पाणी मंडळ चालवलं होतं आणि मंडळाचं इंटरनेटवरचं पान लुसेआने सांभाळायची. वादळी पावसात विहिरीत घाण उतरली, तपासणीत पाणी दूषित निघालं, आणि तिने लगेच पानावर सूचना टाकली. पुढील सूचनेपर्यंत नळाचं पाणी मानवी सेवनास अयोग्य आहे, उकळून वापरावं, असं नीटनेटक्या इंग्रजीत. खाली शेकडो लोकांनी अंगठे दिले, लाल बदाम दिले. एका आजीने तर लिहिलं, "देव मंडळाचं भलं करो!"

हसावं की रडावं, तिला कळेना.

समुद्राखालून तार आली आणि बघता बघता सगळी गावं इंटरनेटवर जाऊन बसली होती. कंद विकणारे, चर्चमध्ये गाणारे, ऑकलंडच्या लेकीशी तासन्‌तास बोलणाऱ्या म्हाताऱ्या, कुणी म्हणून राहिलं नव्हतं. तिथे ते टोंगनमध्ये भांडत, टोंगनमध्ये प्रार्थना करत, एकमेकांची टर उडवत. मंडळाचं पान तेवढं इंग्रजीत होतं.

"साहेब, खाली टोंगनमध्येही टाकू का?" सूचना टाकली त्या दिवशी तिने मंडळाच्या पेनिसोनी साहेबांना विचारलं होतं.

"अजिबात नको. बाहेरून मदत देणारी मंडळी आपलं पान बघतात. इंग्रजीला वजन असतं, लुसेआने. टोंगनमध्ये लिहिलं की संध्याकाळी कावा पीत गप्पा ठोकल्यासारखं वाटतं."

तिनेही जास्त ताणलं नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच झालं. टोंगनमध्ये चारचौघांसमोर लिहायचं म्हणजे जोखीम. एकाच गोष्टीसाठी राजाला एक शब्द, सरदारांना दुसरा, आपल्यासारख्यांना तिसरा. एखादा चुकला की गावभर चर्चा. त्यापेक्षा इंग्रजी बरी, तिथे कुणी मान-अपमान काढत नाही. आता मात्र वैतागून तिने फोन उचलायचंच बंद केलं. वाचायचे कष्ट नकोत लोकांना, दुसरं काय!

त्या आठवड्यात मुलांचा रविवार आला. मे महिन्यातल्या या दिवशी पोरं पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चमध्ये पाठांतर म्हणून दाखवतात आणि मग गाव जेवायला बसतं. लुसेआने नवऱ्याच्या गावी गेली होती. तिच्या माहेरच्या गावात कालोलाइने आत्याने पोरांसाठी मोठा टब भरून ओताई केली. अननस किसून, नारळाचं दूध घालून, वर भरपूर पाणी. उन्हात पाठांतर करून दमलेली पोरं पेल्यावर पेले प्यायली.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गावातली अर्धीअधिक पोरं उलट्या-जुलाबांनी गळून पडली होती. आत्याची नात हेइलाला डोळे मिटून पडली होती, इवल्या हाताला सलाईन लावलेलं. सहा वर्षांची ती चिमुरडी पाण्याचा घोट मागायची आणि तो पोटात ठरायचा नाही. "आज रात्रीपर्यंत काही सांगता येणार नाही," असं डॉक्टर म्हणाले होते.

"आत्या, ओताईत पाणी कुठलं घातलंत?"

"नळाचं. दुसरं कुठलं असतं?"

"उकळलं नव्हतं?"

"ओताईचं पाणी कुणी उकळतं का?"

लुसेआनेचा पारा चढला. टोंगात आत्याचा मान बापाहून मोठा, तिच्यापुढे आवाज चढवणं म्हणजे भलतंच. पण आज तिला भान राहिलं नाही. "अहो, मी सांगितलं होतं! पानावर टाकलं होतं! तुम्ही तर त्याला अंगठाही दिलात! या पाण्यात घाण आहे, पोरं मरतील या पाण्याने, एवढं साधं कसं कळत नाही तुम्हाला?"

आत्या तिच्याकडे वळली.

"आत्ता ओरडलीस ते कोणत्या भाषेत ओरडलीस, लुसे?"

"म्हणजे?"

"टोंगनमध्ये ओरडलीस. मला शब्दन्‌शब्द कळला. या ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना कळला. हेच त्या दिवशी ओरडली असतीस तर?"

लुसेआनेने फोनवर ती सूचना पुन्हा उघडली.

"तुझं लिहिलेलं वाचलं मी. शाळेत शिकवण्यात जन्म गेला माझा, दोन अक्षरं येतात इंग्रजीची. त्यात ‘कन्झम्प्शन’ होतं. आमच्या जुन्या पुस्तकांत त्याचा अर्थ क्षय. मला वाटलं, क्षयाच्या रोग्यांनी पाणी पिऊ नये म्हणतेय. आमच्या घरात कुणाला क्षय नाही."

"पण उकळा म्हणूनही लिहिलं होतं ना?"

"शेजारणीने भाषांतराचं बटण दाबून दाखवलं. त्यात आलं, ‘पाण्याला गळू झालं आहे.’ सगळ्याजणी पोट धरून हसलो."

इंग्रजीत सेवनाला आणि क्षयाला एकच शब्द, उकळण्याला आणि गळवालाही एकच! लुसेआनेला हसू आलं नाही.

"मग अंगठा का दिलात?"

"भाचीने लिहिलंय, म्हणजे चांगलंच असणार. सगळ्यांनी तेच केलं. कळलं नाही असं चारचौघांत कोण म्हणेल? ज्यांनी विचारलं त्यांच्यावर तू फोनवर खेकसलीस म्हणे."

"आत्या, मला भीती वाटते हो. सरदार वाचणार, पाद्री वाचणार. मानाचा शब्द चुकला तर?"

"जुलाब सरदारांनाही तसेच होतात, पोरी!"

लुसेआनेने हेइलालाकडे पाहिलं. तिचे सुकलेले ओठ हलत होते, कालचं पाठांतरच पुटपुटत होती बहुतेक. लुसेआने तिथेच ओसरीच्या पायरीवर बसली आणि फोनवर टोंगनमध्ये लिहू लागली. "मान्यवरांची आणि सगळ्या गावांची क्षमा मागून सांगते. नळाचं पाणी खराब आहे. तसंच पिऊ नका. चुलीवर खदखदून उकळी येऊ द्या, गार करा, मग प्या. ओताईत, बाळाच्या दुधात, बर्फातही उकळलेलंच पाणी घाला. हे मी आधीच आपल्या भाषेत सांगायला हवं होतं. पोरं आजारी आहेत." मग तेच तिने आवाजात बोलून पानावर टाकलं, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं थोडंच आहे!

आता अंगठे आले नाहीत. प्रश्न आले! तान्ह्याला या पाण्याने आंघोळ घातली तर चालेल का? काल केलेला बर्फ फेकू का? पाचांतल्या शेवटच्या गावातून एकाने लिहिलं, "आमच्याकडे मयत आहे, पाहुण्यांसाठी सरबताची पिंपं भरली होती. आत्ता ओतून टाकली."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "हे काय टाकलंयस? कुणाला विचारलंस? काढ आधी ते!"

"काढते, साहेब. पण मग तुम्ही इथे दवाखान्यात या आणि या आयांना इंग्रजीत समजावून सांगा. मी जागा धरून ठेवते."

मग साहेब म्हणाले, "राहू दे." आणि थोड्या वेळाने, पडलेल्या आवाजात, "माझ्या धाकट्यालाही मळमळतंय."

हेइलाला दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि तिने खायला मागितलं. बाकीची पोरंही हळूहळू सावरली. शेवटच्या गावात मात्र एकही मूल आजारी पडलं नाही.

यानंतर साहेब एकदम बदलले, असं समजू नका. वर इंग्रजी हवी की टोंगन, यावर त्यांनी लुसेआनेशी कितीतरी दिवस वाद घातला. तिने पहिल्याच महिन्यात मानाचा एक शब्द चुकवला आणि एका सरदाराच्या बायकोने सगळ्यांदेखत तो दुरुस्त केला. लुसेआने लाजली, शब्द बदलला, आभार मानले. आभाळ कोसळलं नाही. आज त्या पानावर टोंगन वर असते, आणि ज्यांना लागते त्यांच्यासाठी इंग्रजी खाली. फोन वाजला की ती उचलते, न खेकसता.

वाचकहो, आपल्याही नळाच्या, विजेच्या, औषधांच्या सूचना एकदा उघडून पाहा. घरोघरी फोन पोहोचला म्हणून आपण खूश आहोत. पण त्या फोनवर आलेलं आपल्या आईला, आत्याला, शेजाऱ्याला कळतं का, हे कितीजण विचारतात? आणि न कळलेल्या माणसालाच आपण अडाणी ठरवून मोकळे होतो! जे पाणी ज्याच्या पोटात जाणार, त्याच्या भाषेत सूचना नसेल, तर ती दिलीच नाही असं समजा.