गुणवंतीच्या विहिरीचं पाणी

"चहा खारट लागतो का?" प्रयोगशाळेतल्या आत्माराम शिर्क्यांनी विचारलं.

"लागता तर भांडायला कशाला आले असते?" गुणवंती म्हणाली. रत्नागिरीच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेची पायरी ती आज पहिल्यांदाच चढली होती, आणि तणतणतच.

खाडीपलीकडची अख्खी वाडी तिच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी पीत असे. नवऱ्यानं कातळ फोडून खणलेली विहीर. तो गेला, विहीर तेवढी राहिली. आणि गेल्या आठवड्यात पाण्याच्या तपासणीनंतर विहिरीवर लाल फुली पडली. क्लोराइड अकराशे, पाणी पिण्यास अयोग्य. बायका लांबच्या झऱ्यावर जाऊ लागल्या, त्याही तिच्या दारावरून, मान खाली घालून. ते तिला फार लागलं. ती मात्र हट्टानं तेच पाणी पीत राहिली.

"अकराशे म्हंजे किती वो?"

"एका लिटरमागे अकराशे मिलिग्राम, म्हणजे चिमूटभर मीठच म्हणा. अडीचशेच्या आत उत्तम, दुसरी सोय नसेल तर हजारापर्यंत चालवून घेतात. पण मावशी, अकराशेचा चहा तुम्ही थुंकून टाकला असतात." शिर्के विचारात पडले. "नमुन्याच्या पाण्याचा कॅन आणला कोणी?"

"मी," दाराशी बसलेला भिवा म्हणाला. हा तिचा दीर, तरीवरचा नावाडी. "सोताच्या हातान धुवलाय. खलखलून."

"कुठल्या पाण्यानं?"

"दर्याच्या. आमी सगला दर्यातच धुताव."

शिर्क्यांनी चष्मा काढला. "तळाशी थोडं राहिलं असेल?"

"ऱ्हायला असंल घोटभर. वर इहिरीचा पानी भरायचाच हुता."

"भावजी!" गुणवंतीला आधी संताप आला, आणि मग हायसं वाटलं. विहीर नासली नव्हती. नवऱ्याचा घाम फुकट गेला नव्हता.

शिर्क्यांनी स्वच्छ, कोरडा कॅन दिला आणि भिवाला बजावलं, "विहिरीच्याच पाण्यानं विसळा."

आठ दिवसांनी निकाल आला, क्लोराइड शहाऐंशी. फुली पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची तुळसा हंडा घेऊन आली. दोर सोडता सोडता एवढंच म्हणाली, "वयनी, रहाटाला तेल घाल गो. किती वरडतोय."

"घालते हां," म्हणत गुणवंती तेलाची बाटली आणायला घरात गेली, आणि रहाट ओरडत होता तोवर तो ऐकत आतच उभी राहिली.