बुधूची गाडी

"चार जण पायजेत. जास्त नाय, चारच," बुधू म्हणाला.

शेजारच्या पंढरीने विळा कुडाला अडकवला. "बुधूकाका, आता कोण खांद्यावर नेतो माणसाला? पाड्यात रस्ता आलाय. फोन कर, गाडी येल दारात."

आता गंमत बघा. बुधू जिच्यासाठी माणसं गोळा करत होता, तिलाही पाड्यात गाडीच म्हणत. एक जाड बांबू, त्याला बांधलेली घोंगडी, आत आजारी माणूस. पुढेमागे दोघं आणि खांदा बदलायला दोघं. फार वर्षांपूर्वी डोळखांबच्या डॉक्टरने "गाडीने आणलंत का?" म्हणून विचारलं, तेव्हा बुधू धापा टाकत म्हणाला होता, "हां, पायांची गाडी हाय!" सगळे हसले आणि नाव चिकटलं. तोवर तिथे गाडी म्हणजे बैलाची. पुढे एसटीही गाडी झाली, आसनगावची लोकलही गाडी, आणि आता तर पोरांच्या फटफट्याही गाड्याच. पण "गाडी काढा रे" अशी हाक आली की माणसं बुधूच्या ओटीकडे पळायची. पुढचा खांदा कायम त्याचा. अर्ध्या पाड्याच्या बाळंतिणी त्याने डोंगर उतरवल्या.

या खेपेला मात्र त्याला स्वतःच्या बायकोला न्यायचं होतं. ठमीला भावाला भेटायचं होतं, बस्स. भाऊ, धाऊ, डोंगरापलीकडे मुरबाडच्या हद्दीत राहायचा. त्या पाड्याला अजून रस्ता नव्हता. धाऊला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि ठमीला उठवत नव्हतं.

मुलगा शाम भिवंडीच्या गोदामात कामाला. तो फोनवर म्हणाला, "बा, भात झोडून सगळी पोरं वीटभट्टीवर गेलीत. माणसं कुठून आणू? होळीला सगळे येतात, तवा आयला वाजतगाजत नेऊ."

"होळी लांब हाय रे," बुधू म्हणाला आणि गप्प बसला. तिथेच चुकला बिचारा! दुसऱ्यांसाठी अपरात्री दारं बडवणारा माणूस, स्वतःच्या बायकोसाठी ओरडायला लाजला.

"तू पुढं आसशील ना?" ठमीने विचारलं.

"हां गो. पुढं मीच."

"मंग थांबते मी."

रोज सकाळी बुधू बांबूला करंजाचं तेल चोळायचा. ठमी पडल्या पडल्या बघायची. होळी अगदी तोंडावर आली आणि ती गेली.

माणसं मात्र लगेच आली. भट्टीवरून, भिवंडीहून, जीप भरभरून. खांदा द्यायला अंगणात दाटी झाली. तिरडी बांधायची म्हणून शामने ओटीवरच्या बांबूला हात घातला.

"त्याला हात लावू नको!" बुधू ओरडला. "त्याच्यावर जिता माणूस नेतात."

शाम तिथेच खाली बसला. "बा, मी यायला पायजे होतो रे," म्हणत हमसून रडला. पोरांनी दुसरे बांबू तोडून आणले.

निघताना बुधू सवयीने पुढे लागला. पाड्याचा विसावा वडाखाली असतो. तिथे तो थांबला नाही. धाऊच्या पाड्याची वाट जिथून डोंगर चढू लागते, तिथे त्याने तिरडी टेकवायला सांगितली. बराच वेळ तो त्या चढणीकडे बघत राहिला.

उचलायची वेळ झाली तेव्हा पंढरी जवळ आला. "काका, दमलास तू. खांदा बदलू का?"

"नको," बुधू म्हणाला. "पुढं मीच आसेन, असं बोललो होतो तिला."