वाघजाईची डर्ट बाईक

माझ्या नवऱ्याला निसर्गात जायचं असलं की आधी अर्धी सकाळ पट्टे आवळण्यात जाते. छातीला प्लास्टिकचं चिलखत, कोपरांना वाट्या, गुडघ्यांना वाट्या, पायात बकलांचे बूट. एवढं सगळं चढवून कुमार जातो कुठं, तर पासलीला. स्वतःच्या गावाला. ज्या वाटेनं त्याचे वडील उभा जन्म टायरच्या चपला घालून गुरं घेऊन गेले, तिला आता ट्रेल म्हणतात आणि तिच्यावर जायला हेल्मेट लागतं.

कुमारसारखेच आणखी तीन बाप आहेत. चौघांचा मोबाईलवर ‘फॅमिली ट्रेल’ नावाचा ग्रुप आहे. मुलांना मोबाईलमधून बाहेर काढायचं आणि मातीत न्यायचं, हा ग्रुपचा उद्देश. कुठल्या मातीत न्यायचं हे मोबाईलवर ठरतं, नेलेलं मोबाईलवर टिपलं जातं आणि पुढचा आठवडाभर सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून ती माती बघत बसतात. पासली वेल्ह्याच्या बाजूला, तिकडं जायचं तर नसरापूर फाट्यावर वळावं लागतं, पण ही मंडळी आधी पुढं कापूरहोळला जातात, ढाब्यावर मिसळ हाणतात आणि मग मागं फिरतात. मोटरसायकली मागून टेम्पोतून येतात. त्यांना मिसळ नसते म्हणून त्या वेळेवर पोचतात.

आता आमच्या मुलाचं सांगते. त्याचं नाव सिद्धनाथ. सासूबाईंनी ठेवलेलं. बाप त्याला सिड म्हणतो. सातव्या वाढदिवसाला त्यानं मासे पाळायला काचेची टाकी मागितली होती. आली पिवळी डर्ट बाईक. पेट्रोलवर चालणारी, खेळण्याएवढी दिसणारी आणि ट्रकएवढी ओरडणारी. कुमारनं तिच्यावरची चादर ओढली तेव्हा त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. सिद्धनाथ बराच वेळ बाईकच्या मागं बघत होता. टाकी मागं ठेवली असेल असं त्याला वाटलं असणार.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. रविवारी राईड असायची ना! मी ओवा दिला, हिंग लावला, शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. कुमार म्हणाला, “बघ, मी सांगत होतो. एक्साईटमेंट आहे ती.”

मी भांडले नाही असं समजू नका. मी वेल्ह्याजवळच्या विंझर गावची आहे, भांडायला मला कोणी शिकवावं लागत नाही. पण कुमारकडे व्हिडिओ असतात. मी म्हणावं, पोरगं घाबरतंय, की त्यानं परदेशातलं चार वर्षांचं कार्टं हवेत उडताना दाखवावं. मी म्हणावं, त्याला विचार तरी, की त्यानं म्हणावं, “मुलांना विचारत बसलं तर ती दातसुद्धा घासणार नाहीत, नूतन.” हिंजवडीच्या ऑफिसात हा लोकांना लॉजिक शिकवतो. घरी येताना ते तिथंच ठेवून येत असावा.

जानेवारीत ग्रुपनं मोठा बेत आखला. शनिवारी पासलीत मुक्काम आणि रविवारी सकाळी मुलांनी एकेकट्यानं गावामागची डोंगराची सोंड उतरायची. वरून ड्रोन शूटिंग करणार. त्या सोंडेला गावात बैलपड म्हणतात. असं का म्हणतात ते बैलच नीट सांगू शकला असता. कुमारनं ग्रुपवर जाहीर करून टाकलं, ‘सिड बैलपड सोलो उतरणार.’ त्याखाली दंडाच्या बेटकुळ्यांची रांग लागली. सिद्धनाथला ही बातमी माझ्याकडून कळली. तो “बरं” म्हणाला आणि चित्रकलेच्या वहीत मासा काढत बसला. मला त्याच्या त्या “बरं”ची चीड आली आणि त्याहून जास्त रडू आलं.

शनिवारी दुपारी आम्ही पासलीत पोचलो. भात काढून झालं होतं, खाचरं मोकळी होती. बाकीच्या कुटुंबांनी आमच्या खाचरात तंबू ठोकले आणि गावात इतकी शांतता कशी असते यावर मोठमोठ्यानं बोलू लागले. सिद्धनाथ जो आजीच्या मागं गोठ्यात गेला तो दिवेलागणीपर्यंत बाहेर आला नाही.

माझ्या सासूबाई, भामाबाई, अंगानं काडीएवढ्या आहेत. लेकाला त्या कधी उलटून बोलत नाहीत. लेक शिकला, पुण्याला गेला, साहेब झाला. त्यांनी काही म्हटलं की तो “आई, तुला त्यातलं कळत नाही” म्हणतो आणि त्या “व्हय बाबा” म्हणून चुलीकडे वळतात. त्यामुळे त्या पोराला समजावतील यापलीकडे मी काही धरलं नव्हतं.

संध्याकाळी मी ओव्याची पुडी कमरेला खोचून तयार होते. पण सिद्धनाथचं पोट दुखलं नाही. त्यानं नाचणीच्या दोन भाकरी पिठल्याबरोबर खाल्ल्या आणि वर दूध मागितलं. मी बघतच राहिले. तेवढ्यात सासूबाईंनी हात धुतले, पदर खोचला आणि त्या अंगणात गेल्या. चारही बाप तिथं शेकोटीपाशी उद्याच्या ड्रोनबद्दल बोलत बसले होते.

“कुमार,” त्या म्हणाल्या, “पोराचं शनवारचं पोट दुखायचं ऱ्हायलं बग.”

“राहिलं ना? मी म्हणत होतो. गावची हवा.”

“हवा न्हाई. म्या दुपारी वाघजाईला नवस बोलले. पोराचं पोट दुखायचं ऱ्हाऊ दे, त्याची गाडी तुला वाहीन.”

आईचं म्हणणं टाळता येतं. बायकोचं तर टाळण्यासाठीच असतं. नवस मात्र टाळता येत नाही, हे हिंजवडीतही माहीत असतं.

“अगं पण आई, ती गाडी माझी आहे! तू कशी वाहशील?”

“पोराला दिलीस न्हवं? मग पोराची झाली. आन पोरानं हो म्हटलंय.”

“असं काही नसतं. देवी काय गाडी चालवणार आहे?”

“त्ये तिचं ती बगंल. आमी सुपारी वाहतो, ती कुठं खाती? पर नवस फेडला न्हाई तर पोट परत दुखंल. मग माज्या नावानं बोंबलायचं न्हाई.”

मी दारात उभी होते. हसू आवरायला मी पदर तोंडात कोंबला. जे मला वर्षभर भांडून जमलं नाही ते ह्या बाईनं भाकऱ्या थापता थापता केलं होतं. पण कुमार सहजी हरणारा नाही. त्यानं विचारलं, गाडीच्या बदली दुसरं काही वाहिलं तर? पितळी घंटा? चांगली मोठी? सासूबाई म्हणाल्या, ते मी कोण ठरवणार, नाथाला विचार.

नाथामामा म्हणजे वाघजाईचे गुरव. त्यांना बोलावणं गेलं. ते आले, शेकोटीला तळवे शेकले, सगळं ऐकून घेतलं.

“बदली चालती कंदी कंदी,” ते म्हणाले. “पर देवीला इचाराय पायजे. उद्या सकाळी कौल लावू. आंघोळ करून या समदी. पायताणं भाईर.”

“मी असलं मानत नाही, मामा,” कुमार म्हणाला.

“तुमी मानू नका. किती वाजता येताय?”

सकाळी आमच्याकडचा बंब पेटायच्या आत कुमार गार पाण्यानं आंघोळ करून मोकळा झाला होता. न मानणाऱ्या माणसाला मी इतक्या लवकर उठलेलं प्रथमच पाहिलं. नवसाची गोष्ट एव्हाना तंबूंमध्ये पोचली होती आणि ग्रुपला ती फार आवडली होती. ‘लोकल एक्सपिरियन्स’ म्हणे. राईड लगेच सुरू करायची म्हणून मंडळी चिलखतं चढवूनच आली आणि देवळाबाहेर बूट काढायला बसली. एकेका बुटाला चार चार बकलं. तोवर नाथामामांनी देवीची पूजा केली, दिवा लावला, बाहेर येऊन तंबाखू मळला, खाल्ला, थुंकून चूळ भरली, तरी शेवटच्या बापाचा डावा बूट निघाला नव्हता.

पिवळी गाडी देवळाच्या पायरीशी उभी होती. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावून हार घातला होता.

कौल म्हणजे असं असतं की देवीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या कळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. नाथामामांनी कळ्या लावल्या आणि आवाज चढवला.

“आई वाघजाई! हे तुजं लेकरू कुमार सावळाराम, पुण्याला असतंय. ह्याच्या आईनं तुला गाडी बोलली हाय. लेकरू म्हनतंय, गाडी मला परत दे, बदली पितळंची घंटा घे. राजी असशील तर उजवी दे, नसशील तर डावी दे. आता उशीर करू नगंस!”

कळ्या जिथल्या तिथं. ड्रोनवाला बाप पुढं सरकून मोबाईल धरून उभा राहिला. कुमारनं आधी हात मागं बांधले होते. मग ते पुढं आले. मग जुळले. आपले हात जुळलेत हे त्याला कळलं नसावं. त्याची नजर उजव्या कळीवर खिळली होती. उजवी आली की गाडी परत आणि गाडी आली की बैलपड, एवढाच तो हिशेब होता. सोंड देवळाच्या मागूनच सुरू होते. मी तिकडं पाठ करून उभी राहिले.

सिद्धनाथ बापाच्या शेजारी उभा होता. त्याचे डोळे गच्च मिटलेले होते आणि ओठ हलत होते. कुमारला ते दिसलं. तो हसला. मुलगाही आपल्यासारखाच गाडीसाठी धावा करतोय असं वाटून त्यानं मोठ्या कौतुकानं कान खाली नेला.

मीही जवळच होते. मला ऐकू आलं.

“डावी दे. डावी दे. डावी दे गं देवी. डावी दे.”

कुमार तसाच वाकलेला राहिला. हसू चेहऱ्यावरून जायला जरा वेळ लागला. नवऱ्याची फजिती बघायला मी वर्षभर टपून होते, पण त्या वेळी मला मजा वाटली नाही. स्वतःचं पोर आपल्याविरुद्ध देवाला साकडं घालतंय हे कुठल्याच बापाला ऐकावं लागू नये.

आणि तेवढ्यात कळी पडली.

“उजवी!” नाथामामा ओरडले. “दिली! देवीनं दिली! घ्या कुमारराव, तुमची गाडी तुमाला!”

एकच गलका झाला. बापांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिटी मारली. मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, ही बाई अजून काहीतरी काढेल. पण त्यांनी देवीला हात जोडले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “तिनं दिली बाय. तिच्याम्होरं माजं काय चालत न्हाई.” आपणच काढलेलं शस्त्र आपल्यावर उलटलं तर तक्रार करायची नाही, एवढा त्यांचा नियम पक्का होता.

सिद्धनाथ रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो गपचूप बाहेर जाऊन पायरीवर बसला, पिशवीतून गुडघ्याच्या वाट्या काढल्या आणि बांधायला लागला. पट्टा उलटा लागला म्हणून सोडला, परत बांधला. वर्षभर शिकवलं होतं ना आम्ही त्याला, शहाण्या मुलांनी कुरकुर करायची नसते.

“चला, सिड! हीरो!” ड्रोनवाला बाप ओरडला. “देवीआईनं वरून परमिशन दिलीय! कॅमेरा रेडी आहे!”

कुमार देवळातून बाहेर आला. मला वाटलं, आता हा गाडीचा हार काढेल. मी पुढं झाले. त्यानं हाराला हात लावला असता तर मी वाघजाईसमोर त्याची शोभा करणार होते, कौलबिल गेला खड्ड्यात. पण तो गाडीजवळून पुढं गेला आणि सिद्धनाथसमोर मातीत बसला. चिलखतामुळे त्याला धड वाकता येत नव्हतं. त्यानं पोराच्या गुडघ्याचा पट्टा हातात धरला. आवळलाही नाही, सोडलाही नाही.

“सिद्धनाथ,” तो म्हणाला. “तुला ही गाडी चालवायची आहे का?”

पोरानं आधी माझ्याकडे बघितलं. मग आजीकडे, मग देवळाच्या दाराकडे. बरोबर उत्तर कुणाकडे आहे ते तो शोधत होता. आम्ही कोणीच काही बोललो नाही. मला “सांग, सांग” असं ओरडावंसं वाटत होतं आणि मी ओठ दातात धरला होता.

“नाही,” तो म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूच गेला नाही. “काय म्हणाला? काय म्हणाला सिड?” ड्रोनवाला बाप मोबाईल पुढं करत विचारत राहिला.

कुमार उठला, त्याच्याकडे वळला आणि खालच्या खाचरांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “तो नाही म्हणाला.”