राखीव संचाची चाचणी

"जे यंत्र चालवूनच पाहिलं नाही, त्याला चांगलं म्हणू नकोस. आधी हाक मार. ओ दिली तर लिही." मला काम शिकवणारे साहेब हे अगदी हळू आवाजात सांगायचे. आता ते नाहीत. वीजकेंद्रातला वीज बनवणारा कुठला संच किती भरवशाचा, हे मोजायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आमचा एक संच राखीव आहे, बाकीचे अडले तरच लागणारा. बरीच वर्षं ते अडले नाहीत, म्हणून हा नुसता उभा. आणि कधी बिघडला नाही, म्हणून कागदावर एकदम भरवशाचा. यंदा वरून हुकूम आला, कमी भरवशाचे संच मोडीत काढा. माझे धाकटे दीर याच संचावर आहेत. तो गेला तर त्यांची बदली लांब कुठेतरी होणार, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई तर त्यांच्याच हातून जेवतात.

मी चाचणी घेणार म्हटल्यावर भाऊजी माझ्याशी धड बोलेनात. सासूबाई म्हणाल्या, यंत्राचं पोट दुखत नाही तरी ही काढा पाजायला निघाली. मी हसले खरी, पण प्रार्थनेत लक्ष लागेना.

चाचणीच्या वेळी मनात देवाचं नाव घेतलं आणि मान हलवली. भाऊजींनी कळ दाबली. संचानं वेग धरला, पण आतली इंधनाची ज्योत काही पेटेना. आवाज हळूहळू विरून गेला.

"लिहा वहिनी. झालं ना समाधान?"

चालू झाला नाही, असं मी लिहिलं. मग म्हटलं, "भाऊजी, आज कुणाच्या घरी अंधार झाला नाही. एका खेपेवर मी भरवसा ठरवत नाही. तुम्ही दुरुस्त करा, मी दर सोमवारी येईन. चाललेली प्रत्येक खेपही मीच लिहीन."

 जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून भाऊजींनी संचाचं झाकण खोललं. ठिणगी पाडणारा प्लग गंजून गेला होता. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, हा ऐन वेळी आपल्याला तोंडघशी पाडणार होता. आवाजातला राग ओसरला होता.

संचाचा निकाल द्यायला मी वरिष्ठांकडे थोडी मुदत मागितली. त्यांनी कुरकुरत का होईना, दिली.

सोमवारी भाऊजी आईला भरवून आधीच केंद्रावर गेले होते. सासूबाईंना डोळा लागला होता. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं, चपला हातात घेतल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं.